कारिनला वाचता येत होतं का?

मायकेन हेडक्विस्टने चौतीस वर्षं पोस्टाची पिवळी गाडी चालवली. नदीच्या वरच्या अंगाला जी सतरा खेडी आहेत, त्यांतल्या दारोदारच्या पेट्यांत तिने पत्रं टाकली, आणि एकही पत्र भलत्या पेटीत गेलं नाही असं ती छातीठोकपणे सांगते. यात काय मोठंसं, असं कुणालाही वाटेल. पण मायकेन आठ वर्षांची होती तेव्हा तिच्या बाईंनी तिचा पेन्सिलींचा डबा तिच्या हातात दिला आणि तिला व्हरांड्यापलीकडच्या वर्गात नेऊन बसवलं. सरकारदरबारी त्याला 'मदतवर्ग' म्हणत. मदत कसली डोंबलाची! पोरं त्याला ढ-वर्ग म्हणायची आणि दारावरून जाताना गुरासारखी हंबरायची. प्रगतिपुस्तकावर शेरा आला, 'वाचनात कच्ची'. वाचताना डोळ्यांपुढे अक्षरं नाचतात, त्याला हल्ली डॉक्टरी नाव आहे, मुलांना परीक्षेत जादा वेळ मिळतो. मायकेनच्या वेळी त्याला एकच नाव होतं.

साठीला आल्यावर तिने पोस्ट सोडलं आणि शहरातल्या विद्यापीठात इतिहासाला नाव घातलं. नवरा होल्गर लाकूडगिरणीतला निवृत्त माणूस. तो म्हणाला, "डोकं ठिकाणावर आहे ना तुझं? लोक या वयात बटाटे लावतात." मग रोज सकाळी तिला बसथांब्यावर सोडायला तोच जायचा, उणे वीसच्या थंडीतसुद्धा. प्रत्येक पुस्तक ती दोनदा वाचायची. पहिल्यांदा अक्षरांसाठी आणि दुसऱ्यांदा अर्थासाठी. अशी तीन वर्षं काढली बाईने. आमच्या गल्लीत आधी सगळे हसले आणि नंतर सगळे विचारायला लागले, काय मायकेन, कुठवर आलं?

शेवटच्या सत्रात प्रत्येकाला शोधनिबंध लिहावा लागतो. तो पास झाला की पदवी. बाकीची पोरं विषयासाठी महिनाभर डोकं खाजवत बसली. मायकेनला विषय शोधावाच लागला नाही.

दोनशे वर्षांपूर्वी आमच्या पाद्र्यांना एक काम असे. हिवाळ्यात एकदा ते गावातल्या एखाद्या मोठ्या घरी यायचे. मालक, मालकीण, गडी, मोलकरणी असा सगळा गाव तिथे गोळा व्हायचा. मग पाद्री एकेकाला उभं करून धर्मपुस्तक वाचायला लावी आणि प्रत्येकाच्या नावापुढे वहीत शेरा लिही. उत्तम वाचतो. बरं वाचते. येत नाही. त्या सगळ्या वह्या अजून आहेत, आता घरबसल्या संगणकावर पानं उलटून बघता येतात. असे शेरे म्हटल्यावर मायकेनच्या अंगावर काटा आला नसता तरच नवल.

आणि मग तिला कारिन सापडली. कारिन पेर्सदोत्तर, वरच्या खेड्यातल्या एका मोठ्या वाड्यावरची मोलकरीण. १८२९ पासून १८३९ पर्यंत अकरा वर्षं तिच्या नावापुढे ओळीने एकच शेरा होता, 'येत नाही'. १८४० मध्ये जुना पाद्री गेला, नवा आला, नवी वही सुरू झाली. तेच घर, तेच काम, तीच कारिन पेर्सदोत्तर, आणि शेरा काय, तर 'उत्तम वाचते'.

मायकेन खुर्चीतून उठून स्वयंपाकघरात दोन फेऱ्या मारून आली. बाई एका वर्षात शिकली? छे! बाईला आधीपासून येत होतं. जुन्या पाद्र्याला मोलकरणीचं वाचन ऐकायचंच नव्हतं. त्याने एकदा 'येत नाही' लिहिलं आणि दहा वर्षं मागचं पान बघून पुढचं भरलं. मेला! मायकेनने त्याच्या इतरही चुका शोधल्या. कुठे तारीख चुकलेली, कुठे पोराचं नाव खोडलेलं. आणखी नऊ बायकांच्या नोंदी तिने गोळा केल्या, पण त्या सगळ्या लेच्यापेच्या. निबंधाचा कणा म्हणजे कारिन. शेरा माणसाबद्दल काही सांगत नाही, शेरा लिहिणाऱ्याबद्दल सांगतो, हे ती बावन्न पानांत मांडत गेली. मायकेनला हे पन्नास वर्षांपासून कुणाला तरी सांगायचं होतं, आणि आता तिच्याकडे पुरावा होता.

आमच्याकडे निबंध नुसता देऊन भागत नाही. वर्गातलाच एक जण विरोधक म्हणून नेमतात. त्याने निबंध बारकाईने वाचायचा आणि सगळ्यांसमोर लेखकाला प्रश्न विचारायचे. मायकेनचा विरोधक होता आल्वे, बावीस वर्षांचा, तिच्या थर्मासमधली कॉफी तीन वर्षं फुकट पिणारा. गुरुवारी चर्चा होती. सोमवारी त्याने तिला उपाहारगृहात कोपऱ्यात गाठलं.

"हे बघ मायकेन, मी तुला तळटीप एकतिसावर विचारणार आहे," तो म्हणाला. "जुन्या वहीत कारिनचं जन्मसाल १८११ आहे आणि नव्या वहीत १८१४. तू खाली लिहिलंयस की जुना पाद्री निष्काळजी होता. तेच तोंडाने सांग. मी म्हणेन पटलं. दोन मिनिटांत खेळ खल्लास."

"तुला खरंच पटतं का?"

"मला? अगं, तुझा निबंध वाचून मी आईला फोन केला. ती पण तुझ्यासारखीच त्या वर्गातली. रडली ती. पण काहीतरी अवघड विचारावं तर लागतंच ना, नाहीतर इंगेला माझेच मार्क कापेल."

इंगेला थुरेसन म्हणजे परीक्षक. विद्यापीठात अहो-जाहो कुणालाच नाही, तिलाही नाही, पण तिच्या एका भुवईला सगळे टरकून असत.

नुसतं तोंडाने सांगायचं तर सांगता आलं असतं. पण चौतीस वर्षं पत्ते तपासलेल्या बाईच्या हाताला सवय असते. मंगळवारी सकाळी होल्गर अंगणात रुबार्बचे आंबट देठ कापत होता, आणि मायकेन संगणकावर एक वही काढून बसली जी तिने आजवर उघडलीच नव्हती. कोण गावात राहायला आलं आणि कोण गाव सोडून गेलं याची वही. गडी आणि मोलकरणी तेव्हा वर्षातून एकदाच मालक बदलू शकत, ऑक्टोबरच्या अखेरीच्या आठवड्यात. त्यामुळे दर नोव्हेंबरात या वहीची पानं भरलेली असतात.

नोव्हेंबर १८३९. मोलकरीण कारिन पेर्सदोत्तर, जन्म १८११, शेजारच्या परगण्यात गेली.

त्याच महिन्यात, समोरच्या पानावर, मोलकरीण कारिन पेर्सदोत्तर, जन्म १८१४, किनाऱ्याकडून आली. त्याच वाड्यावर.

मायकेनने ते तीनदा वाचलं. पेर्सदोत्तर म्हणजे नुसतं पेरची लेक, आणि आमच्याकडे त्या काळी दर दुसरी बाई कारिन आणि दर तिसरा बाप पेर. एक पेरची लेक गेली आणि दुसऱ्या पेरची लेक आली, एवढंच झालं होतं. त्यानंतर दोन-तीन महिन्यांत पाद्री बदलला. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली होती आणि मायकेन त्या कावळ्यावर बावन्न पानं लिहून बसली होती.

तिने शेजारच्या परगण्याची वही उघडली. घाईत दोनदा चुकीचं पान निघालं. तिथला पाद्री वेगळा, अक्षर वेगळं, बारीक आणि नेटकं. कारिन पेर्सदोत्तर, जन्म १८११. येत नाही.

होल्गर हात धुवून आत आला तेव्हा ती नुसती बसली होती.

"काय झालं? कुणी गेलं का?"

"पाद्री नीट होता, होल्गर. गचाळ मी निघाले. आकडा जुळेना तेव्हा म्हटलं, पाद्रीच चुकला. नाचता येईना, अंगण वाकडं." तिने त्याला सगळं सांगितलं.

होल्गरने ऐकून घेतलं, कॉफी ओतली, साखर ढवळत राहिला. "हे आणखी कुणाला माहीत आहे?"

"कुणालाच नाही."

"मग झाकली मूठ सव्वा लाखाची. तो पोरगा विचारेल, तू सांगशील पाद्री गचाळ होता, तो म्हणेल पटलं. दोनशे वर्षांपूर्वी मेलेल्या बाईला वाचता येत होतं की नव्हतं, याने कुणाच्या घरचं दूध नासणार आहे?"

"माझ्या."

"मायकेन!" तो एकदम चढ्या आवाजात म्हणाला. होल्गर असा कधी बोलत नाही. "तीन वर्षं या टेबलावर मी एकटा जेवलोय. शनिवारी पोरं येणार आहेत. समारंभाचा हिरवा केक सांगितलाय मी, वर तुझं नाव घालून. नापास व्हायचं तर आधी सांगायचंस, साधा सांगितला असता."

तो पुन्हा अंगणात गेला आणि गरज नसताना आणखी रुबार्ब कापत बसला. मायकेनला त्याचा राग आला नाही. तिला राग आला होता तो कारिनचा. का गं बाई तुला वाचता येत नव्हतं? इतकी वर्षं शिकवायला कुणीच भेटलं नाही? एवढी एक गोष्ट तुला जमली असती तर माझं सगळं जमलं असतं.

गुरुवारी ती गेली. काय करायचं ते ठरलेलं नव्हतं. खिशात एका कागदावर उत्तर लिहिलेलं होतं, जुना पाद्री अनेक ठिकाणी निष्काळजी दिसतो, वगैरे. होल्गरने गाडीतून उतरवताना फक्त एवढंच म्हटलं, "टोपी घे, वारा आहे."

खोलीत नऊ विद्यार्थी, इंगेला, आणि दालचिनीच्या बनपावांची परडी. आमच्या या चर्चांची एक रीत आहे. प्रश्न विचारण्याआधी विरोधकाने संपूर्ण निबंध आपल्या शब्दांत सांगायचा आणि मग लेखकाला विचारायचं, बरोबर मांडलं का? लेखकाने 'हो' म्हणायचं. कुणीही याला फारसं महत्त्व देत नाही, लग्नातल्या होकारासारखं ते ठरलेलंच असतं.

आल्वे उभा राहिला. पोरगा बोलला छान. "ही एका बाईची गोष्ट आहे. तिला अकरा वर्षं दरवर्षी गावासमोर उभं केलं आणि अकरा वर्षं तिच्याबद्दल खोटं लिहिलं. तिला वाचता येत होतं. ऐकणाऱ्याला ऐकायचं नव्हतं. मायकेनने दोनशे वर्षांनी तिचं वाचन ऐकलं." मागच्या रांगेतल्या एका मुलीने नाक पुसलं. इंगेलासुद्धा लिहायची थांबली होती.

"मायकेन," आल्वे हसून म्हणाला, "बरोबर मांडलं का मी?"

मायकेनने खिशात हात घातला, कागद हाताला लागला. आणि तिच्या लक्षात आलं, की ती आता 'हो' म्हणाली तर खरी कारिन पुसलीच जाईल. जिला वाचता येत नव्हतं ती बाई कुणालाच नको होती. मायकेनलाही नको होती. तिला वाचता येणारी हवी होती, म्हणून तिने एकीच्या अंगावर दुसरीचे कपडे चढवले होते.

"तू बरोबर मांडलंस," ती म्हणाली. "मी लिहिलंय तेच चूक आहे."

"म्हणजे?"

"त्या दोघी आहेत, आल्वे. दोन कारिन. माझ्या कारिनला वाचता येत नव्हतं."

इंगेलाने संगणकाकडे बोट केलं. मायकेनने ती दोन्ही पानं भिंतीवरच्या पडद्यावर लावली, मग शेजारच्या परगण्याचं पान लावलं. आल्वेचे कान लाल झाले होते.

"हे तुला कधी कळलं?" इंगेलाने विचारलं.

"मंगळवारी."

"आज गप्प बसली असतीस तर चाललं असतं. कुणाच्याही लक्षात आलं नसतं."

"आल्वे विचारणारच होता."

"आल्वेने कुठलंही उत्तर मान्य केलं असतं, ते मला ठाऊक आहे," इंगेला म्हणाली आणि ती सुप्रसिद्ध भुवई आल्वेकडे वळली. दोघं-तिघं हसले, आणि खोलीला जरा श्वास घेता आला. मग इंगेलाने पेनाला टोपण लावलं. "मायकेन, कणाच गेला तर मी हा पास करू शकत नाही. तुला समजतंय ना? ऑगस्टअखेर नवा दे. आणि मी इथे एकोणीस वर्षं शिकवतेय. लेखकानेच आपलं चूक आहे म्हटलेलं मी आज पहिल्यांदा ऐकलं."

बाहेर व्हरांड्यात आल्वे तिच्या मागे धावत आला. "मी ती तळटीप उकरायलाच नको होती! हात दाखवून अवलक्षण झालं ना तुझं, माझ्यामुळे."

"गप रे. तू बोट दाखवलंस. खड्डा मी खणला होता." एवढं ती हसून म्हणाली, पण गाडीत बसल्यावर रडली. चांगली हुंदके देऊन रडली, पुलापासून घरापर्यंत. होल्गर गाडी चालवत राहिला. घराशी आल्यावर म्हणाला, "केक येणारच बरं का. आता रद्द होत नाही."

शनिवारी थोरल्या मुलाने केकची सुरी हातात घेतली आणि विचारलं, "मग हा नक्की कशाचा केक?" होल्गर म्हणाला, "तुझी आई नापास झाली त्याचा. मोठा तुकडा तिला दे."

सबंध जून महिना मायकेनने त्या वह्यांना हात लावला नाही. बटाटे लावले, खिडक्या रंगवल्या. लोक विचारत, झालं का पास? ती सरळ सांगे, नाही झाले. काहींना ऐकून बरं वाटलं, असतात अशी माणसं. तिला आतून लाज वाटत होती, नापास झाल्याची थोडी, आणि कारिनवर चिडल्याची जास्त. जुलैत एका पावसाळी सकाळी ती अखेर वही उघडून बसली.

त्या वह्या म्हणजे जोडपानं असतात. डाव्या पानावर नाव, जन्म, शेरा. मायकेनला शेऱ्याशी मतलब, त्यामुळे ती इतके महिने डाव्या पानाला चिकटून होती. आज, का कुणास ठाऊक, तिने उजवं पान मोठं करून बघितलं. तिथे वर्षांचे रकाने होते, आणि त्या वर्षी जो परीक्षेला आला त्याच्यापुढे पाद्री एक बारीक रेघ मारी. जो आला नाही त्याचा रकाना रिकामा.

ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांचे रकाने बरेच रिकामे होते. साहजिक आहे. त्या दिवशी गाय व्यायची, बर्फ पडायचा, दाढ दुखायची. वाड्याचा मालक 'उत्तम वाचतो' होता, तोसुद्धा अकरापैकी चारदा आलेला नव्हता.

कारिनच्या ओळीला अकरा रेघा होत्या. मायकेनने पडद्याला बोट लावून मोजल्या. मग शेजारच्या परगण्याचं पान काढलं. तिथे सहा वर्षं, सहा रेघा.

दांड्या कशा मारायच्या हे मायकेनला कुणी शिकवायला नको होतं. पोरांना झोपताना गोष्टी वाचून दाखवायचं काम तिने कायम होल्गरवर ढकललं. पोस्टातल्या सभेत कागद वाचायला दिला की चष्मा गाडीत राहिलेला असायचा. सख्ख्या आईच्या अंत्यविधीला दोन ओळी वाचायच्या होत्या, तेव्हा घसा बसला म्हणून तिने धाकट्या बहिणीला पुढे केलं होतं. बहिणीने ओळखलं होतं, पण बोलली नाही. जन्मभर मायकेनने एकदाही चारचौघांत मोठ्याने वाचलं नव्हतं. आणि ही बाई सतरा वर्षं, दरवर्षी, आपल्याला येणार नाही हे पक्कं माहीत असताना, ओल्या बुटांनी त्या खोलीत गेली. सगळ्या गावासमोर उभी राहिली आणि 'येत नाही' लिहून घेऊन घरी आली. मायकेनचे डोळे भरून आले. ती मोठ्याने म्हणाली, "अगं बाई माझे," आणि होल्गर शेजारच्या खोलीतून म्हणाला, "काय म्हणालीस?"

नवा निबंध तिने पाच आठवड्यांत लिहिला. ज्यांना येत नव्हतं आणि तरी जे आले, त्यांच्याबद्दल. परगण्यात असे त्रेचाळीस जण सापडले. तो पास झाला हे आधीच सांगून टाकते, म्हणजे कुणाच्या जिवाला घोर नको.

ऑगस्टअखेरच्या चर्चेला आल्वे मुद्दाम आला, त्याचं सगळं आटोपलं होतं तरी. होल्गरही आला, भिंतीला पाठ लावून, टोपी मांडीवर घेऊन बसला. नव्या विरोधक मुलीने कागद सरसावले.

"थांब," मायकेन म्हणाली. "तू सांगण्याआधी पहिलं पान मी वाचून दाखवते."

"तशी गरज नसते," इंगेला म्हणाली. "सगळ्यांनी वाचलेलं आहे."

"माहीत आहे."

ती उभी राहिली आणि वाचायला लागली. कारिन पेर्सदोत्तर, जन्म १८११, हिला वाचता येत नव्हतं. दुसऱ्या ओळीत ती अडखळली. तिसरी ओळ तिच्या हातून सुटली, तिने मागे जाऊन ती पुन्हा धरली. एका लांब शब्दाशी ती इतका वेळ थांबली की आल्वे शब्द सांगायला पुढे झुकला, आणि होल्गरने त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला मागे बसवलं. मायकेनचा गळा, कान सगळं लाल झालं होतं. एका पानाला नऊ मिनिटं लागली. मग तिने घाम पुसला, पान उलटलं आणि वर बघितलं.

"पुढचं पण वाचते," ती म्हणाली.